मलपरीक्षेवरून बालकांच्या आंत्रदाहाचे अनुमान

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील कोंढा हे गाव धानाच्या मुलखात वसलेले आहे. मृगाच्या सरी येऊन गेल्या, बांध्यांत पाणी साचले आणि रोवणीची घाई सुरू झाली, म्हणजे या भागात लहान मुलांच्या पोटाचे विकारही डोके वर काढतात. पाण्याचे साठे नव्या पाण्याने भरतात व त्याबरोबर सर्व प्रकारची घाणही वाहून येते. अशा दिवसांत एखादी आई मुलाला कडेवर घेऊन दवाखान्यात येते आणि सांगते, "याले दोन दिसांपासून हगवन लागली जी, आता आव पडते." या एका वाक्यात निदानाचा जवळजवळ निम्मा भाग येऊन जातो. हगवण व आव हा भेद आपल्या लोकभाषेने फार पूर्वीच केलेला आहे. हगवणीत आतड्यातून पाणी पाझरते, आवेत आतड्याची भिंतच दुखावलेली असते. पहिल्या अवस्थेत मुलाला धोका असतो तो पाणी व क्षार निघून जाण्याचा. दुसरीत त्याच्या जोडीला दाह असतो, आणि आतड्याच्या आतील अस्तराला जखमा झालेल्या असतात.

मलपरीक्षेचा विषय निघाला की आपल्या मनात प्रथम प्रश्न येतो तो, "कोणता जंतू सापडला?" हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु त्याच्या शेजारी दुसरा एक प्रश्न उभा असतो, आणि त्याच्याकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. तो असा की, जंतू कोणताही असो, त्या मुलाच्या आतड्याने त्याला कोणते उत्तर दिले आहे? जंतू मलात असणे व त्याने इजा केलेली असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दाट वस्तीच्या व अस्वच्छ पाण्याच्या प्रदेशांत निरोगी दिसणाऱ्या कित्येक मुलांच्या मलात रोगकारक जंतू आढळतात, ही गोष्ट गेल्या काही वर्षांतील मोठ्या पाहण्यांनी निर्विवाद सिद्ध केली आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या व आफ्रिका-आशियातील सात ठिकाणी झालेल्या एका व्यापक पाहणीत कलकत्त्याचाही समावेश होता. तीत जुलाब होणाऱ्या मुलांबरोबर जुलाब न होणारी शेजारची मुलेही तपासली, तेव्हा या दुसऱ्या गटातही रोगजंतू वारंवार आढळले. म्हणून केवळ जंतूच्या सापडण्यावरून "याच जंतूने हा रोग केला" असे म्हणणे धाडसाचे ठरते. प्रस्तुत लेखात दुसऱ्या प्रश्नाचा, म्हणजे शरीरात सुई किंवा नळी न घालता केवळ मलावरून आतड्यातील दाह कसा ओळखावा याचा, विचार करावयाचा आहे.

दाह म्हणजे काय, हे आधी थोडक्यात पाहिले पाहिजे. शिगेला, कँपिलोबॅक्टर, साल्मोनेला यांसारखे जंतू आतड्याच्या अस्तरात शिरतात. तेथील पेशी त्याची वर्दी देतात व रक्तातील श्वेतपेशी, त्यांतही न्यूट्रोफिल जातीच्या पेशी, त्या जागी धावून येतात. त्या केशवाहिन्यांच्या भिंतीतून बाहेर पडतात, अस्तराच्या पेशींमधील सांधे ओलांडतात आणि आतड्याच्या पोकळीत उतरतात. तेथे त्या जंतूंना गिळतात, आपल्या अंगातील द्रव्ये त्यांच्यावर सोडतात व अखेरीस स्वतःही मरतात. परत रक्तात जाण्याचा मार्ग त्यांना नसतो. त्यांची कलेवरे व त्यांतून सुटलेली द्रव्ये मलाबरोबर बाहेर येतात. मलातील ही द्रव्ये मोजली, तर आतड्याच्या भिंतीतून किती श्वेतपेशी आत उतरल्या याचा हिशेब लागतो. आंत्रदाहाच्या सर्व मलपरीक्षांचे मूळ तत्त्व एवढेच आहे.

या द्रव्यांपैकी सर्वांत अधिक अभ्यासले गेलेले द्रव्य म्हणजे कॅल्प्रोटेक्टिन नावाचे प्रथिन होय. नॉर्वेमधील फागरहोल व त्यांचे सहकारी यांनी १९८० मध्ये ते श्वेतपेशींतून वेगळे केले. त्या वेळी त्याला केवळ एक सांकेतिक नाव होते. ते कॅल्शियमला बांधते व जंतूंची वाढ रोखते, हे ध्यानात आल्यावर त्याला आजचे नाव मिळाले. न्यूट्रोफिलच्या पेशीद्रवात जी प्रथिने असतात त्यांचा जवळजवळ निम्मा, काहींच्या मते त्याहूनही मोठा भाग एकट्या कॅल्प्रोटेक्टिनचा असतो. त्याची जंतूंना रोखण्याची रीतही मोठी मनोरंजक आहे. जंतूंना वाढीसाठी जस्त व मँगनीज यांचे अत्यल्प अंश लागतात. कॅल्प्रोटेक्टिन हे अंश आपल्याकडे ओढून घेते व जंतूंची उपासमार घडवून आणते. साल्मोनेलाच्या एका जातीने मात्र यावरही तोड काढलेली आहे. जस्त ओढून घेणारी तिची स्वतःची यंत्रणा इतकी कार्यक्षम असते, की दाहाच्या त्या दुष्काळात इतर जंतू खंगतात आणि ही जात फोफावते. शरीराने शत्रूसाठी लावलेला वेढा एखाद्या शत्रूच्या पथ्यावर पडतो, असा हा प्रकार आहे.

मलातील कॅल्प्रोटेक्टिन मोजण्याची रीत १९९० नंतर रूढ झाली. साधारण १०० मिलिग्रॅम मल एका विशिष्ट द्रावात पन्नासपट विरल करून घुसळतात. त्यातील निवळ भाग, कॅल्प्रोटेक्टिनला चिकटणारे प्रतिपिंड ज्याच्या तळाशी बसविलेले आहेत अशा पात्रात घालतात. मग रंग उत्पन्न करणारे द्रव्य जोडलेले दुसरे प्रतिपिंड त्यात मिसळतात, आणि रंगाच्या गडदपणावरून प्रथिनाचे प्रमाण काढतात. हे प्रमाण दर ग्रॅम मलामागे मायक्रोग्रॅममध्ये सांगण्याचा प्रघात आहे. अलीकडे कागदी पट्टीवर काही मिनिटांत उत्तर देणाऱ्या परीक्षाही निघाल्या आहेत. त्यांची अचूकता कमी असली तरी लहान दवाखान्याला त्या झेपण्यासारख्या आहेत.

कोंढ्यासारख्या गावाच्या दृष्टीने या प्रथिनाचा सर्वांत मोठा गुण निराळाच आहे. ते टिकाऊ आहे. मलातील जंतू व त्यांची पाचकद्रव्ये त्याला लवकर फोडू शकत नाहीत, आणि सामान्य उष्णतेतही ते काही दिवस बऱ्यापैकी टिकून राहते. याच्या उलट शिगेलाची गत पाहा. हा जंतू शरीराबाहेर अत्यंत नाजूक असतो. मल आम्ल होऊ लागला की तो काही तासांतच मरतो. त्याची पैदास प्रयोगशाळेत करावयाची तर ताजा नमुना तत्काळ संवर्धनात टाकावा लागतो, अथवा केरी व ब्लेअर यांनी १९६४ मध्ये सुचविलेल्या वाहक माध्यमात घालून थंड ठेवून न्यावा लागतो. कोंढ्याहून निघालेली डबी पवनीला किंवा भंडाऱ्याला, आणि तेथून नागपूरच्या प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत दुपार टळून जाते. मग "रोगजंतू आढळले नाहीत" असे उत्तर आले, तर मूळ मलात ते नव्हते की वाटेत मेले, हे कोणी सांगावे? कॅल्प्रोटेक्टिनच्या बाबतीत ही शंका पुष्कळच कमी होते. अर्थात् डबी आठवडाभर खिडकीत उन्हात ठेवून चालेल असा याचा अर्थ नव्हे. तीन दिवसांनंतर प्रमाण घसरू लागते असे काही निरीक्षकांना आढळले आहे.

या नव्या परीक्षेचे कौतुक करताना जुन्या परीक्षेला विसरणे योग्य होणार नाही. मलाचा कणभर श्लेष्मा काचपट्टीवर घेऊन त्यात मिथिलीन ब्लूचा थेंब मिसळावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली श्वेतपेशी मोजाव्यात, ही रीत फार जुनी आहे. हॅरिस, ड्यूपाँट व हॉर्निक यांनी १९७२ मध्ये तिची पद्धतशीर छाननी केली. शिगेलासारख्या आत शिरणाऱ्या जंतूंच्या विकारात मल श्वेतपेशींनी भरलेला असतो, तर पटकीसारख्या केवळ पाणी पाझरविणाऱ्या विकारात त्या जवळजवळ नसतात, हे त्यांनी दाखवून दिले. या परीक्षेला खर्च जवळजवळ नाही. तिला हवा असतो तो ताजा मल आणि सरावलेला डोळा, आणि अडचण नेमकी या दोहोंचीच आहे. श्वेतपेशी तासाभरात विरघळू लागतात. सरावाच्या अभावी होणारा घोटाळा तर याहून गंभीर आहे. दाहात न्यूट्रोफिलबरोबर मोठ्या भक्षकपेशीही मलात उतरतात. त्यांच्या पोटात तांबड्या रक्तपेशी असतात, आकार वेडावाकडा असतो, आणि घाईत पाहणाऱ्याला त्या अमीबा वाटतात. जंतुजन्य आवेचे "अमीबाची आव" असे चुकीचे निदान होण्याचे हे एक जुने कारण आहे. त्यात आणखी भर अशी, की ज्याला आपण वर्षानुवर्षे रोगकारक अमीबा म्हणत आलो त्याच्या रूपाचा, पण निरुपद्रवी असा दुसरा अमीबा अस्तित्वात आहे, व सूक्ष्मदर्शकाखाली दोघांचे कोष वेगळे ओळखता येत नाहीत. १९९३ मध्ये ही दुसरी जात स्वतंत्र म्हणून मान्य झाली. आपल्याकडे मुलाच्या पोटात दुखले की अमीबावरचे औषध लिहून देण्याची जी सवय जडली आहे, तिचा उगम पुष्कळसा या दोन गैरसमजांत आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. गमतीची गोष्ट ही, की खऱ्या अमीबाजन्य आवेत मलातील श्वेतपेशी तुलनेने थोड्या दिसतात. अमीबाच त्यांना मारून टाकतो.

आता परीक्षेच्या आकड्यांकडे वळू. प्रौढांत व चार वर्षांवरील मुलांत दर ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आतले कॅल्प्रोटेक्टिन सामान्य मानतात. ५० ते २५० हा संदिग्ध पट्टा समजला जातो. हाच नियम तान्ह्या मुलाला लावला तर मोठी चूक होईल. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत आतड्याचे अस्तर सैल असते, त्यात जंतूंची नवी वस्ती होत असते, आणि निरोगी अर्भकाच्या मलातही हे प्रथिन शेकड्यांच्या घरात सापडते. २०११ साली युगांडाच्या कंपाला शहरातील वरवर निरोगी अशा मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत एक वर्षाखालील मुलांचे मध्यक प्रमाण २४९, एक ते चार वर्षांच्या मुलांचे ७५, आणि चार ते बारा वर्षांच्या मुलांचे २८ आढळले. मध्यक म्हणजे निम्म्या मुलांचे प्रमाण ज्याच्या वर व निम्म्यांचे ज्याच्या खाली असते तो आकडा. या हिशेबाने आठ महिन्यांच्या मुलाच्या अहवालावर "२४०, अतिशय वाढलेले" असे लाल शाईत छापून आले, तरी आईने घाबरण्याचे व वैद्याने औषध लिहिण्याचे त्यात काहीच नाही. ५० ही मर्यादा छापलेले अहवाल वयाचा उल्लेख न करता मुलांच्या हाती पडतात, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

याच कंपालाच्या पाहणीतील दुसरा निष्कर्ष आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधक आहे. या मुलांपैकी कित्येकांच्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची वस्ती होती. तीही मलावरूनच, जंतूचे अंश शोधणाऱ्या परीक्षेने, ओळखली गेली. वॉरन व मार्शल यांनी १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात शोधून काढलेला हा जंतू बालपणीच शरीरात शिरतो आणि बहुधा आयुष्यभर राहतो. भारतातही त्याचा प्रादुर्भाव फार मोठा आहे. त्याची वस्ती असलेली मुले व नसलेली मुले यांच्या मलातील कॅल्प्रोटेक्टिनमध्ये मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. मलातील इतर रोगकारकांच्या बाबतीतही तसेच दिसले. याचा अर्थ असा, की जंतूचे अस्तित्व सांगणारी परीक्षा आणि दाह सांगणारी परीक्षा या दोन स्वतंत्र साक्षीदार आहेत. एकाच्या साक्षीवरून दुसऱ्याची साक्ष गृहीत धरता येत नाही.

ज्या मुलाला प्रत्यक्ष जुलाब होत आहेत त्याच्यात मात्र या परीक्षेचा उपयोग कितपत होतो? आत शिरणाऱ्या जंतूंच्या विकारात कॅल्प्रोटेक्टिन पुष्कळ वाढते, विषाणुजन्य जुलाबात सामान्यतः कमी वाढते, हे अनेकांनी दाखविले आहे. सरासरीत हा फरक ठळक असतो. परंतु सरासरी म्हणजे समोरचे मूल नव्हे. दोन्ही गटांची प्रमाणे एकमेकांत इतकी मिसळतात, की मधल्या आकड्यावरून एका मुलाचे निदान ठरविणे कठीण जाते. त्यातच पाण्यासारख्या मलात प्रथिन विरल होऊन आकडा खाली येतो. उलट शोषक लंगोटातून घेतलेल्या नमुन्यातील पाणी शोषले गेल्याने तो वर जातो. लॅक्टोफेरिन हे श्वेतपेशींतील दुसरे प्रथिनही याच कामी वापरतात. पण ते आईच्या दुधातच विपुल असल्याने अंगावर पिणाऱ्या मुलात त्याची साक्ष निरुपयोगी ठरते. ज्या वयात जुलाबाने सर्वाधिक मुले दगावतात, त्याच वयात ही परीक्षा आंधळी होते.

एवढ्या मर्यादा सांगितल्यावर, मग ही परीक्षा हवी कशाला, असे कोणी विचारील. तिचे खरे मोल "नाही" म्हणण्यात आहे. पुरेशा वयाच्या मुलात आकडा स्पष्टपणे कमी आला, तर मोठ्या आतड्यात महत्त्वाचा दाह असण्याचा संभव फार थोडा राहतो. तेवढ्यावर प्रतिजैविक औषध टाळता येते, आणि भूल देऊन दुर्बिणीने आतडे पाहण्याचा त्रासही मुलाला वाचवता येतो. प्रतिजैविकांचा मोह आवरण्यास शास्त्रीय आधार भक्कम आहे. भारतासह सात देशांत झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात दोन ते तेवीस महिन्यांची मुले घेतली होती. त्यांना रक्तविरहित पाण्यासारखे जुलाब होत होते, आणि ती शुष्क झालेली किंवा कुपोषित होती. निम्म्यांना तीन दिवस ॲझिथ्रोमायसिन दिले, निम्म्यांना दिखाऊ औषध. १८० दिवसांतील मृत्यूंच्या प्रमाणात अर्थपूर्ण फरक पडला नाही. साध्या साल्मोनेलाच्या जुलाबात तर प्रतिजैविकाने जंतू मलातून अधिक काळ बाहेर पडत राहतो, आणि विशिष्ट विष निर्माण करणाऱ्या ई. कोलायच्या विकारात मूत्रपिंडाला धोका वाढण्याची भीती असते. जलसंजीवनी व जस्त हाच हगवणीचा मुख्य उपचार होय. सहा महिन्यांखालील मुलाला रोज १० व त्यावरील मुलाला २० मिलिग्रॅम जस्त दहा ते चौदा दिवस द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ मध्येच संयुक्तपणे सांगितले आहे. मलात रक्त डोळ्यांना दिसत असेल तेव्हा मात्र प्रयोगशाळेच्या उत्तराची वाट न पाहता प्रतिजैविक सुरू करावे, हाही त्यांचाच नियम आहे. कोंढ्याच्या आईने सांगितलेली आव ही अशा प्रसंगी कोणत्याही यंत्राइतकीच ग्राह्य साक्ष ठरते.

या परीक्षांचा आणखी एक उपयोग आहे, आणि आमच्या मते दूरच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा ठरेल. जुलाब नसतानाही आतडे धुमसत राहू शकते. भारतातील वेल्लोर धरून आठ देशांत जन्मापासून मुलांचा पाठपुरावा करणारा एक अभ्यास २००९ मध्ये सुरू झाला. तीत मलातील तीन द्रव्ये मोजली: श्वेतपेशींतून येणारे मायेलोपेरॉक्सिडेज, प्रतिकारपेशींची चेतना दर्शविणारे निओप्टेरिन, आणि रक्तातून गळून येणारे अल्फा-१-अँटिट्रिप्सिन. तिन्हींचा मिळून एक गुणांक केला. ज्या मुलांचा गुणांक सर्वांत वरचा होता ती पुढील सहा महिन्यांत, सर्वांत खालच्या गुणांकाच्या मुलांहून १.०८ सेंटिमीटर कमी वाढली. किती वेळा जुलाब झाले हे हिशेबात धरूनही हा फरक उरला. त्याच अभ्यासात, आतड्याला विटांच्या रचनेसारखे चिकटणारे ई. कोलाय बहुतेक सर्व मुलांत दोन वर्षांच्या आत कधी ना कधी सापडले. बहुधा त्यांनी जुलाब केले नाहीत, पण दाहाशी व खुंटलेल्या वाढीशी त्यांचा संबंध दिसला. महाराष्ट्रात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने ठेंगणी आहेत. या ठेंगणेपणाचा सगळा दोष ताटातील अन्नावर टाकून चालणार नाही. अन्न पोटात जाते, पण सुजलेले आतडे ते नीट शोषून घेत नाही, असे कित्येक मुलांत घडत असणार. धानपट्ट्यातील मुलांच्या मलात ही द्रव्ये पावसाळ्यात व उन्हाळ्यात किती असतात याची वर्षभर पाहणी करणे, हे विद्यापीठातील एखाद्या विभागाला शक्य कोटीतील काम आहे. नमुना टिकाऊ असल्याने गावातील आशाताईंच्या मदतीने तो गोळा करता येईल, आणि मुलाला टोचावेही लागणार नाही.

एक प्रसंग मात्र स्वतंत्र सांगितला पाहिजे. समजा, सहा वर्षांच्या मुलीला आव लागली, प्रतिजैविक दिले, रक्त थांबले. पण महिना लोटला तरी शौचास पातळ होते, वजन घटते, अधूनमधून ताप येतो. अशा वेळी पहिल्या आठवड्यातील ९०० हा आकडा काहीच सांगत नाही, कारण जंतुजन्य दाहात तो तितका चढणारच. आव बरी झाल्यावर काही आठवड्यांनी दुसरा नमुना द्यावा. आकडा उतरून ५०च्या आसपास आला, तर आतडे भरून येत आहे असे मानून वाट पाहता येते. तो शेकड्यांतच अडून राहिला, तर मग जंतूच्या पलीकडचे कारण शोधावे लागते. आतड्याचा क्षय आणि मोठ्या आतड्याचे जुनाट दाहविकार ही त्यांतील प्रमुख होत. या दोहोंत कॅल्प्रोटेक्टिन सारखेच वाढते, म्हणून येथे ही परीक्षा थांबते व दुर्बिणीचे काम सुरू होते. दुसऱ्या नमुन्याच्या आधी मुलीला आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके देऊ नयेत, कारण त्यांनीही आकडा वाढतो. मल धुतलेल्या पसरट भांड्यात घ्यावा, त्यात पाणी किंवा लघवी मिसळू देऊ नये, आणि चमचाभर भाग झाकणाच्या डबीत भरून, वर मुलीचे वय व नमुना घेतल्याचा दिवस लिहून, दोन दिवसांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा.